साडूची उठती-बसती गाडी

नाही, खड्ड्यांनी त्रास होतो हे मला मान्य आहे हो! पण खड्डे लागतच नाहीत, याचाही त्रास? तुम्हाला सांगतो, आमच्या सासूबाईंचं कमरेचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी नेमकं मलाच बाजूला घेतलं, "हे बघा, धक्का बसता कामा नये. टाके ताजे आहेत!" आता आमची गाडी कशी, तर रस्त्यात काडेपेटी पडलेली असली तरी आत काड्या किती ते बसणाऱ्याला कळतं! मग काय, केला फोन साडूला. साडू म्हणजे मेव्हणीचा नवरा. त्याची नवी कोरी गाडी, हायड्रॉलिक सस्पेन्शनची! "दादा, चाकाचाकाला तेलाचा दाब! खड्डा आला की गाडीच ठरवते, कुठलं चाक उचलायचं, कुठलं दाबायचं. पोटातलं पाणी हलणार नाही!"

सासूबाईंना अलगद मागे बसवलं, बायको माझ्या शेजारी. इंजिन चालू केलं तर गाडी आधी मागून उठली, मग पुढून!

"जावईबापू, हे काय उठलं?"

"गाडी, आई."

"का?"

मी आपला गिअर टाकला!

निघालो. आणि खोटं कशाला बोलू, गतिरोधक असा गेला, जशी उशीच! मागे चिडीचूप. आरशात बघतो तर सासूबाईंचे डोळे मिटलेले… माझ्या तोंडचं पाणी पळालं. "आई? आई!" तर एक डोळा उघडून म्हणतात, "निघालो नाही का अजून?"

म्हटलं वा, पोटातलं पाणी हलत नाही ते खरंच! तेवढ्यात आलं वळण. तिला मऊ आणि कडक अशी दोन बटणं; मी गाडी मऊ ठेवलेली, ती अशी डुलली, अशी डुलली… होडी बरी! "जावईबापू, पाणी नाही हलत, पण सकाळचं जेवण वर येतंय." दाबलं घाईघाईनं कडक बटण. गाडी ताठ! पुढचं वळण जरासुद्धा न कलता, रुळावरून जावं तसं घेतलं. पण लगेच बारीक खडी लागली आणि मागून, "आई गं!" पुन्हा मऊ! मग काय, वळणाला कडक, खड्ड्याला मऊ. बायको ओरडतेय, "खड्डा! वळण! अहो, खड्डा!" आणि मी बटण दाबतोय, पेटी वाजवल्यासारखा. आणि नंतर साडू काय म्हणतो? "दादा, ऑटोवर का नाही ठेवली? ती स्वतःच ठरवते की!" अरे, हे आधी सांगायला काय झालं होतं!

घर आलं. सासूबाईंना चालायला नको म्हणून गाडी अगदी फुटपाथला चिकटवली, इंजिन बंद केलं, दार उघडलं. त्यांनी एक पाय बाहेर ठेवला मात्र… स्स्स… गाडी बसायला लागली! बंद केली की बसते म्हणे ती! दाराची खालची कड फुटपाथवर टेकली, दार अडकलं. सासूबाई अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर!

"जावईबापू, मी खाली चाललेय!"

हसताय काय? टाके हो, टाके! वाकल्या असत्या तर? बायको रडवेली, "चालू करा ना!" किल्ली कुठल्या खिशात तेही सुचेना. कसंबसं चालू केलं. गाडी उठली… हळूहळू… सीटही उठली… आणि सीटबरोबर सासूबाई! दाराला धरून सरळ, ताठ, कमरेतून न वाकता फुटपाथवर उभ्या! मी डोळे गच्च मिटलेले. कानावर काय येतं?

"हॉस्पिटलात दोघी नर्सना जे जमलं नाही, ते या गाडीनं केलं हो!"

झालं! तेव्हापासून दुसऱ्या गाडीत पाय ठेवायला तयार नाहीत. तपासणीला तीच, देवळाला तीच. शेवटी मुक्कामच साडूकडे हलवला. मी मनात म्हटलं, चला, आता आपल्या पोटातलं पाणी हलणार नाही! तिकडे त्या रोज संध्याकाळी गाडीत बसायच्या, शेजारपाजारच्या गुडघेवाल्या बायका बोलवायच्या, आणि ऑफिसातून दमून आलेल्या साडूनं एकेकीला उठवून दाखवायचं!

काल साडू दारात उभा. चेहरा उतरलेला. माझ्या हातात किल्ली ठेवली, "दादा, आता तुमच्याकडेच राहू दे."

म्हटलं, "कोण, गाडी?"

म्हणाला, "दोघी."