नाव बघायला आलेले सातवे पाहुणे

— हात लावू नका. आधी पाय धुवा. तो रांजण, तो तांब्या. मालवणहून निघालात, दोन दिवस गाडी हाकलीत, औशाजवळ टायर फुटला, लातुरात लॉजवरच्या ढेकणांनी झोपू दिले नाही — हे मला ऐकवून काय उपयोग? मी निमंत्रण धाडले होते का? दारात समुद्र असलेला मनुष्य सहाशे कोस तुडवत — बरे, सहाशे किलोमीटर — गोदावरीच्या काठी जुनी मोटरबोट विकत घ्यायला येतो, याला आमच्या भागात एक शब्द आहे. देवळाच्या आवारात तो मी उच्चारत नाही. बसा. त्या पायरीवर नको, तिथे पादुका आहेत. इकडे, शेडच्या सावलीत.

तर हीच ती. काय शब्द वापरला होता त्या दयानंदने जाहिरातीत — क्लासिक! दयानंद म्हणजे आमच्या मंडळाचा सचिव. देवाची आरती चालू असताना मोबाइलवर बोटे फिरवणारा पुरुष. त्याने फोटो टाकले आणि तेव्हापासून या घाटावर रसिकांची रीघ लागली. तुम्ही सातवे. पहिला पुण्याचा, त्याला ही उलटी करून हॉटेलचे छप्पर करायचे होते. हैदराबादच्या एकाला हिच्यात नवरा-नवरी बसवून छायाचित्रे काढायची होती. एकाने तर हिला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, ‘वुड ओरिजिनल आहे?’ — अरे, सागवान आहे, नाहीतर काय जिलेबी आहे? तुमचे काय? दुरुस्त करून पाण्यात घालणार. छान. पाचव्यानेही हेच सांगितले होते. त्याला पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे मला दाखवावे लागले.

मंडळाचा ठराव झालेला आहे, ते खरे. अडले आहे ते अध्यक्षाच्या सहीपाशी, आणि दुर्दैवाने अध्यक्ष मी आहे. माझी अट दयानंदने सांगितलीच असेल. नांदेडचा करीम मिस्त्री, देगलूर नाक्यापाशी ज्याचे वर्कशॉप आहे, त्याला इथे घेऊन या. त्याने या इंजिनाला हात घालून ते चालू करून दाखवावे. मग मी सही करतो. दुसऱ्या कोणाच्या हाताने ते चालू होत नाही. सहाजण आले, सहाही त्याच्याकडे जाऊन आले, आणि सहाही एकटेच परत आले. तुम्हीही एकटेच दिसता. मग कशाला बसलात? — बसा हो, पाणी तरी प्या. आलेल्याला पाणी न देण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही.

लाकूड बघता? बघा. एक फट दाखवा. लाकडी नाव चार वर्षे कोरड्यावर राहिली, तर मराठवाड्याच्या उन्हात तिच्या फळ्या आक्रसून बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. मग ती पाण्यात घातली की चाळणीसारखी भरते. तुमच्यासारख्या जाणकाराला हे ठाऊक असेलच. आत पोती दिसतात ना? ओली आहेत. रोज ओली करावी लागतात. कोण करतो म्हणजे? देवाच्या अभिषेकाचे पाणी निघते, ते कोणाच्या पायदळी जाऊ नये, म्हणून मी पोत्यांवर ओततो, एवढेच. आणि जवसाचे तेल समईतले उरते, म्हणून — बरोबर, समईत जवसाचे तेल घालत नाहीत. मोठे हुशार आहात. मग विकत आणतो! दर एकादशीला बाहेरून आतून हात फिरवतो आणि ते इंजिनाचे चाक चार वेढे फिरवून ठेवतो, म्हणजे धरून बसू नये. त्यानेच शिकवले होते. ‘बुवा, मशीन को भी भूक लगती, रोज थोडा तेल थोडा हाथ.’ ही त्याची ओवी. चाळीस वर्षे मी कीर्तनात उभा राहून हजारोंना भवसागरातून तारून नेले. पण समोरची ही गोदावरी, हे चारशे हातांचे पाणी, ते मात्र त्या मिस्त्रीच्या हातूनच ओलांडले. हसू नका.

लांबचा प्रवास म्हणे! तुम्ही वातानुकूलित गाडीत बसून आलात, आणि पराक्रम सांगता. मी गेलो होतो कोचीला. हो, हीच नाव आणायला. छत्तीस वर्षे झाली. त्याच्या आदल्या माघात जुनी वल्ह्यांची होडी पालखीसकट भर धारेत कलंडली. आमचा केशवराज माघी द्वादशीला पैलतीरावर बहिणीला, अंबेला, भेटायला जातो; तो चुकला तर ती माहेराविना राहते, असा हा नेम. त्या दिवशी मूर्ती मी छातीशी धरली होती आणि मला पोहता येत नव्हते. मागून कोणी तरी शेंडीला धरून ओढत नेले. काठावर डोळे उघडले, तर वीस-बावीस वर्षांचा करीम. मोटार दुरुस्त करायला घाटावर आलेला. मूर्तीला त्याने बोट लावले नाही. शेंडी मात्र धरली! गावाने दुसऱ्या दिवशी वर्गणी काढली, म्हणाले, बुवा, इंजिनाची नाव आणा. मला इंजिनातले काय कळते? त्यालाच बरोबर घेतला.

तीन गाड्या बदलल्या. मी सोवळ्याचा, बाहेरचे अन्न घेत नसे, त्याच्या हातचे तर नाहीच. पाच दिवस केळी आणि शेंगदाणे. त्याला म्हटले, तू जेव की बाबा, स्टेशनावर सगळे मिळते. तर म्हणतो, ‘तुम्ही उपाशी, मी बिर्याणी खाऊ? हराम होईल बुवा.’ आणि पाच दिवस तोही केळी आणि शेंगदाणे. मूर्ख! विजापूर सोडेपर्यंत त्याचे पोट बिघडले ते कोचीपर्यंत. तिथे एका बंद पडलेल्या लाकूड-वखारीच्या खाडीत ह्या नावा ओळीने उभ्या होत्या. दलालाने रंगवलेली चकचकीत दाखवली. मला तीच आवडली, मी हात जोडून मोकळा झालो. हा पठ्ठ्या प्रत्येक नावेत उतरून, फळीला कान लावून, बोटाने ठोकत बसला. दिवसभर. शेवटी ह्या काळवंडलेल्या नावेपाशी थांबला आणि म्हणाला, ‘ही घ्या. बाकीच्या रडून राहिल्यात.’ ट्रकवर लादून आणली. उन्हाने फळ्या सुटू नयेत म्हणून तो वर बसून वाटेत दिसेल त्या विहिरीचे पाणी हिच्यावर ओतत आला. मी ड्रायव्हरशेजारी, नाम घेत.

बत्तीस वर्षे त्याने पालखी नेली. एक द्वादशी चुकली नाही. त्याची बायको रजिया बाळंत होत होती तेव्हाही आला. पालखी पोचवली, मग दवाखान्यात गेला. मग चार वर्षांमागे तो पूल झाला. दयानंद आणि नवी मंडळी निवडून आली. त्यांनी ठरवले, पालखी यंदा शेवटची नावेतून जाईल, पुढे पुलावरून, ट्रॅक्टरमध्ये, डीजे लावून. जाऊ द्या. पण शेवटची जायची तर शास्त्रशुद्ध जावी. बत्तीस वर्षे अन्य हात लागलेला, तेव्हा आधी नावेची शुद्धी करावी, असे त्यांचे म्हणणे पडले. गोमूत्र, पंचगव्य, मंत्र. आणि मंत्र कोण म्हणणार? पुजारी एकच.

तुम्ही असे बघू नका. ‘शास्त्रात आहे का?’ — नाही. कुठेही नाही. ज्याच्या हातातून देव बत्तीस वेळा पार झाला, त्याच्या हाताने नाव विटाळते असे सांगणारे शास्त्र मी पाहिलेले नाही, आणि मी पुष्कळ पाहिले आहे. मला ठाऊक होते. ठाऊक असून मी दर्भ घेतला, पाणी शिंपडले, मंत्र म्हटले. खणखणीत, एक अक्षर न चुकता. का म्हणजे? पंचवीस माणसे समोर उभी होती म्हणून. जन्मभर दुसऱ्यांना निर्भय व्हा म्हणून सांगणाऱ्याला पंचवीस माणसांची भीती वाटली म्हणून. मंत्र संपला, मान वर केली, तर तो घाटाच्या तिसऱ्या पायरीवर. धुतलेला पांढरा सदरा, हातात चपला. दर वर्षीप्रमाणे वेळेवर आलेला. सारे ऐकून झाले होते. मला वाटले भांडेल. मी मनात उत्तरही जुळवले होते. तो नुसता वळला आणि चढून गेला. त्यानंतर इंजिन कोणाच्या बापाला चालू झाले नाही आणि देव पहिल्यांदा ट्रॅक्टरमध्ये बसला. हट्टी! असा कोणता डोंगर कोसळला होता? दोन शब्द बोलला असता, तर मी — काय मी? मीही गेलो असतोच की त्याच्याकडे, गुडघे दुखतात. नांदेड इथून चोवीस मैल. हो, कोची आठशे होते. तुम्ही हिशेब सांगू नका मला.

आता कळले का अट कशाला आहे? त्याने एकदा यावे. विक्रीच्या निमित्ताने का होईना, या पायऱ्या उतराव्या. बाकी मी बघून —

काय हवे? बादली? पाणी प्यायला तांब्या दिला ना? बरे, घ्या, ती घ्या. इंजिनाची नळी कशाला बुडवता तिच्यात, ते काय तहानले आहे? अहो, उतरू नका आत! पोती बाजूला का — डिझेल? आणि इंजिनाच्या तोंडाशी चिंधी कसली पेटवता, लाकूड आहे ते! तो खटका... तो खटका उचलायचा हे तुम्हाला कोणी... थांबा. सात वेढे. सातव्याला सोडायचा, आणि पंपावर डाव्या हाताने एक —

हे राम.

चालू झाले.

नाही, बंद करू नका. राहू द्या. ऐकू येते मला. तुम्ही ओरडू नका. कोणी सांगितले? त्याने? स्वतः? तासभर बसवून, कागदावर काढून? दाखवा तो कागद. हो, हे त्याचेच. सात हा आकडा तो असाच काढतो. चहा पाजला? आणि काय विचारले? लाकूड वाळले का, असे विचारले. तुम्ही काय सांगितलेत? — ‘अजून बघितले नाही.’ आणि मग? आणखी काय विचारले त्याने? आठवा. नीट आठवा, दोन दिवसांच्या प्रवासाने डोके फिरले असेल तुमचे. इथे कोण असते, पूजा कोण करतो, असे काही?

काही नाही.

म्हणजे त्याला यायचे नव्हते. यावे लागू नये, म्हणून बत्तीस वर्षांची विद्या एका परक्याला तासाभरात देऊन टाकली. छान केले. जाणाऱ्या नावेला अडवू नये, हे त्याला कळते. मला पोथी वाचूनही कळले नाही.

आणा ते विक्रीचे कागद. कुठे, इथे? आणि इथे. घ्या. झाले. दयानंदला दाखवा, तो पोरांना बोलावून ट्रकवर चढवून देईल. वाटेत पोती कोरडी पडू देऊ नका. नांदेडात थांबणार असलात तर त्याला सांगा, लाकूड — नको. काही सांगू नका. काय सांगणार तुम्ही?

माझी सायंपूजेची वेळ झाली. निघा आता.