शंभराला एकशे अठरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष प्राचार्या चेतनाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी, म्हसावदहून आलेले माझे सोयरेधायरे आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

माझ्याबद्दल आत्ता जे बोललं गेलं, ते ऐकताना मला लाज वाटत होती. विनयाने म्हणत नाही, खरोखर वाटत होती.

एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून आज निवृत्त होतोय. आपल्या प्रयोगशाळेची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं उत्तर नऊशे ऐंशी यायला हवं ना? मग आधी उत्तर लिहायचं आणि निरीक्षणं मागून जुळवायची! हसताय? त्या जर्नलांवर सह्या मीच केल्यात.

गेल्या वर्षी काठी गावच्या माझ्या विद्यार्थिनीने, रिना वसावेने प्रकल्प घेतला. गुरुत्वाकर्षणाचा नियम थोडा बदलला, तर दीर्घिकांचे पुंजके कसे जमतील? तिने संगणकावर दोन विश्वं चालवली, एक आइन्स्टाइनच्या नियमाचं, दुसरं बदललेल्या नियमाचं. पहिल्यात शंभर पुंजके, तर दुसऱ्यात एकशे अठरा. मी म्हटलं, "काहीतरी चुकलंय. शंभराच्या जवळ आण."

"सर, तीन वेळा मोजलं," ती म्हणाली.

आमचे प्रयोगशाळा सहायक चुनीलालभाऊ तिथेच उभे होते. "सर, पोर खरं सांगी ऱ्हायनी."

मी दोघांचंही ऐकलं नाही. तिने आकडा जुळवला.

पुण्याच्या एका संस्थेत संशोधनाच्या जागेसाठी तिची मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, "नियम बदलूनही फरक पडत नसेल, तर तुम्ही शोधलंत काय?" तिने माझं नाव घेतलं नाही. जागा गेली. महिन्याभराने मी स्वतः त्या विषयावर वाचायला बसलो, तेव्हा कळलं. तिच्या बदललेल्या नियमात गुरुत्वाची ओढ जरा वाढते, आणि ओढ वाढली की पुंजके जास्त जमणारच. बदललेल्या नियमाची तीच तर खूण होती, आणि ती मी खोडायला लावली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

रिना मागच्या रांगेत बसली आहे. काल मी त्या संस्थेला पत्र लिहिलं, की आकडा माझ्या सांगण्यावरून बदलला. तिची मूळ नोंद सोबत जोडली. तिला पुन्हा बोलावतील का, मला माहीत नाही.

आपण सगळे आलात, मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. रिनाच्या बाबतीत मात्र या सभेने मला माफ करू नये. तो हक्क तिचा आहे, आणि ती अजून काही बोललेली नाही.