रचणारा रामप्रसाद

वडवणीच्या बसस्टँडवर म्हातारे रामप्रसाद गावच्या छबुबाईंना सांगत होते, "कुणाचा इस्वास बसणार न्हाई, पर माझी ऊसतोडीची गाणी साऱ्या जगाच्या कंप्युटरात गेलीत."

"ती कशी वो?"

"कॉलेजानं संग्रहात ठिवली. आता त्यो संग्रह बाहेरच्या लई मोठ्या माहितीच्या भांडाराला जोडलाय. तिथं समदं तीन शब्दांत लिवत्यात: गाणं, रचणारा, रामप्रसाद."

"मंग तोंड का पडलंय?"

"नाव दुरुस्त करा म्हणाया गेलतो. कॉलेजातल्या मॅडम म्हणल्या, इथलं बदलते, पर तिथून ज्यांनी नेलं त्यांचं कसं बदलू?"

"दुरुस्त काय करायचंय?"

"आमची मंडळी देवाघरी गेली. तिचंबी नाव लावावं म्हणलं. एखादी ओळ तिची हाय."

"एखादी? भाऊ, मी तुमच्या चंद्रभागासंगं उसाच्या फडात हुते. समदी गाणी तिचीच हायेत."