दगडू बत्तीवाल्याचा सिग्नल

ऐका. आणि मधे मधे विचारू नका, मला मग धागा सापडत नाय.

उद्या तिन्हीसांजेला जुन्या बोगद्याकडं गाड्या बघायला जायचं म्हणताय तुम्ही. मोबाइलवर शूटिंग करायचं म्हणताय. करा बाबांनो. पण आधी हे ऐका, मग ठरवा. मला काय, मी सांगणार आणि झोपणार.

तीस वर्षं मी या घाटात चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे रोज रूळ धरून चालायचं, रूळ आवळून धरणारी लोखंडी चावी ढिली दिसली की हातोडीनं ठोकायची, परत यायचं. तेव्हा घाटात सगळे हाताचे सिग्नल. उंच लाकडी खांब, वर लोखंडी हात, त्याला दिवा. हात आडवा, दिवा लाल, म्हणजे गाडीला मनाई. हात पडला, दिवा हिरवा झाला, म्हणजे गाडी येतेय, बाजूला हो. आम्ही घड्याळ बघत नव्हतो. वर हात बघायचो आणि चालायचो.

दिवे लावायचा दगडू बत्तीवाला. हातात घासलेटचा डबा. रोज संध्याकाळी सहा खांब चढायचा, सहा उतरायचा. बावीस वर्षं. एकदा धुक्यात बोगद्यासमोरच्या खांबावरनं त्याचा पाय सटकला. सकाळी मलाच सापडला. डबा खाली सरळ उभा होता, थेंब सांडला नव्हता. दगडू तेवढा गेला होता.

तेव्हापासून आम्हा रुळावरच्या गँगवाल्यांची रीत पडली. त्या खांबापाशी आलं की हातोडीनं दोनदा ठकठक करायचं. ‘दगडूदादा, जातो रे’ म्हणायचं, मगच बोगद्यात पाय. तो खांबावरच असतो, हे सगळ्यांना ठाऊक. खांबावर होता तोवर त्यानं कुणाला त्रास दिला नाय, हे पण सांगतो.

मग बिजलीचे सिग्नल आले. जुने एकेक काढायला लागले. आज हा गेला, महिन्यानं तो गेला. शेवटी बोगद्यासमोरचा राहिला. तोडायला साहेबानं मलाच सांगितलं. मी तोडला. काय वाटलं म्हणाल तर काय नाय वाटलं. करवत चालवली, खांब पडला, चहा प्यायलो.

आता त्या टिपणीसांचं ऐका. कल्याणचा माणूस, कुठंतरी कचेरीत नकाशे काढायचा. दर रविवारी डबा घेऊन यायचा नि वळणावर बसून गाड्या बघायचा. वहीत सिग्नलची चित्रं काढायचा. गावात सगळे म्हणायचे, याला घरी काय काम नाय. पण माणूस साधा. मला लहानूभाऊ म्हणायचा. पोरांना खडीसाखर द्यायचा.

तो शेवटचा सिग्नल बघायला आला, तर सिग्नल चार दिवसांपूर्वीच गेलेला. तिथंच बसून राहिला. बसता बसता संध्याकाळची पॅसेंजर चुकली. सकाळी त्याला कचेरी गाठायची. रातची गाडी थांबते वरच्या स्टेशनात. रस्त्यानं गेलं तर दोन तास, बोगद्यातनं पाऊण. मी म्हटलं, चला, मी सोडतो. अंधार पडला होता. थंडी होती. कंदील माझ्याकडं होता, हातोडी खांद्यावर.

बोगद्याच्या आधीच्या वळणावर आलो नि थांबलो. समोर लाल दिवा. हात आडवा. खांब जागच्या जागी उभा.

बघा हं, मीच तोडलेला. चार दिवस आधी, या हातांनी. पण इतक्या वर्षांची सवय अशी वंगाळ, माझ्या मनात काय आलं? लाल आहे, म्हणजे बोगदा रिकामा आहे. नवा बिजलीचा सिग्नल मागं वळणाआड होता, तो वळून बघायचं सुद्धा सुचलं नाय. पुढं झालो, ठकठक करायला हातोडी उचलली. हातोडी हवेतनं गेली. तिथं काय नव्हतंच. दिवा पण नाय, खांब पण नाय.

आणि टिपणीस? टिपणीस माझ्या पुढं गेले होते. बोगद्यात. कारण लाल दिवा आता आत दिसत होता. बोगद्यात सिग्नल कधीच नव्हता, ऐका, कधीच नव्हता. मी हाका मारल्या. ते थांबेनात. त्यांना काय कळत नव्हतं असं नाय. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण गेलेली वस्तू पुन्हा दिसली की माणूस विचार करत नाय. मी मागं धावलो. जवळ जावं तर दिवा पुढं. आणखी जवळ जावं, आणखी पुढं. मग एकाचे दोन झाले, दोनाचे सहा. सगळे लाल. सगळे सांगतायत, गाडी नाय, या.

निम्म्यात त्यांची बंडी पकडली. तेवढ्यात ते सहाही दिवे विझले. मी मागं बघितलं. बोगद्याच्या तोंडाशी हिरवा. सिग्नलचा रंग पाठीमागनं दिसत नसतो, पण मला दिसला. हात पडला होता.

रूळ थरथरायला लागले. मालगाडी, मागं ढकलायला दोन इंजिनं. बोगद्याच्या भिंतीत आम्हा माणसांसाठी कोनाडे ठेवलेले असतात. चाचपत एक सापडला. टिपणीसांना आत कोंबलं, वर मी चिकटलो, पाठ रुळाकडं. गाडी पाठीला हवा लावत गेली. डबे संपता संपेनात. मला भीती वाटायला पाहिजे होती. नाय वाटली. मी आपला डबे मोजत होतो.

गाडी गेली. धूळ खाली बसली. तेव्हा पावलं वाजली. खडीवरनं सावकाश कोणतरी येत होतं. घासलेटचा वास आला. कंदील तर मघाच विझला होता. पावलं माझ्यापाशी थांबली.

“लहानू, माझा खांब कुठं ठेवलास?”

आवाज रागाचा नव्हता. दमलेला होता, बस.

मी म्हटलं, “ठाव नाय, दादा.”

त्यानं डबा या हातातनं त्या हातात घेतला, कडी वाजली. मग म्हणाला, “बरं.” आणि पुढं गेला.

टिपणीसांना मी गाडीत बसवलं. परत कधी आले नाहीत. माझ्या मात्र त्या रातीपासून आत काय हालत नाय. भाऊ गेला तेव्हा पण रडू आलं नाय.

त्या वाटेनं तिन्हीसांजेनंतर जो जातो त्याला दगडू दिवा दाखवतो. वाचला तर विचारतो. पाड्यावरच्या सोमा गुराख्याला विचारलं, दोन वर्षांमागं एका पावाच्या गाडीवाल्याला विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक असणार?

ठाऊक मला आहे. भंगाराच्या ठेकेदारानं लोखंड तेवढं उचललं, लाकूड गवतात टाकून गेला. ब्रह्मी सागवान, शंभर वर्षांचं, कीड नाय लागलेली. घर तेव्हा बांधायला काढलं होतं. तोडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी नि भावानं बैलगाडीत घालून आणलं. या पडवीचा मधला खांब. बाळा, तू टेकून बसलायस ना, तोच.

बस, बस. उठून काय होणार आता?

म्हणून म्हणतो, त्या वाटेनं जाऊ नका. आणि माझं न ऐकता गेलातच, वाचलातच, आणि त्यानं विचारलंच, तर तेवढं एक करा. ठाव नाय म्हणा.