गल्लीचा राजा

आईशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एखादा सोडला तर. आमच्या गल्लीत नवा सार्वजनिक नळ बसून महिना झालता. पण उद्घाटन कुणी करायचं यावर दोन नेत्यांचं भांडण, आणि बायका घागरी घेऊन पलीकडच्या पेठेत.

तालमीच्या कट्ट्यावर मी म्हटलं, "मतं मागणारा माणूस भांडणारच. त्यापेक्षा राजा नेमू. फेटा बांधायचा, हात हलवायचा, कारभारात बोलायचं न्हाय."

"असा माणूस मिळंल व्हय?"

घागर घेऊन निघालेल्या पारूवहिनी थांबल्या. "आमचं मालक हाईत की, आण्णा! तीस वर्षं घरात हेच करत्यात."

दुसऱ्या दिवशी आण्णांना फेटा बांधला, हलगी लावली. राजाच नळ सोडणार म्हटल्यावर नेत्यांचं भांडणच मिटलं. दोघांनी वाकून मुजरा केला. आण्णांनी तोटी फिरवली आणि धो धो पाणी आलं.

"महाराज, आता रस्त्याचं बघा की!" कुणीतरी ओरडलं. आण्णांनी तोंड उघडलं.

"हात हलवा नुसता!" वहिनी गरजल्या.

तर राजा खरा, मुजराही खरा. पाणी तेवढं माझ्या पदरचं.