पासोका घोड्याच्या मालकीबाबत

जबाब

नाव: क्लेओनिसे बार्बोझा लिरा. वय: ५२ वर्षे. धंदा: शिवणकाम, जूनच्या सणातल्या नाचाचे घागरे शिवणे. राहणार: रुआ दास अल्गारोबास, काम्पिना ग्रांदे, पाराईबा राज्य.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलगी जुसियारा, वय २१, हिच्यासह राहते. जुसियारा विद्यापीठात सांख्यिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकत आहे. माझे पती एराल्दो लिरा हे चार वर्षांपूर्वी मयत झाले. आज सकाळी दहाच्या सुमारास गालेरिया उम्बूझेइरो या दुकानांच्या इमारतीच्या मागील दरवाजातून मुलांच्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या पाळण्यातील एक घोडा हातगाडीवर घालून नेत असता आम्हा मायलेकींना पहारेकऱ्याने अडविले व येथे आणण्यात आले. घोड्याचे बोल्ट मी सोडविले. मुलीने फक्त गाडी धरली. चोरी लिहायचीच असेल तर ती माझ्या नावावर लिहा. आणि इथून पुढे मी बोलते तसंच लिहायचं, असं लेखनिक साहेबांशी ठरलं आहे.

साहेबांनी विचारलं, की घोडा आपला आहे असं पहारेकऱ्याला का सांगितलं. मी 'माझा' म्हटलं नाही, मालक म्हणून मुलीकडे बोट केलं. ते का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. साहेब म्हणाले, मुद्द्याचं बोला. हाच मुद्दा आहे.

माझे पती गालेरियात दुसऱ्या मजल्यावर घोड्यांचा पाळणा चालवत. लग्नाच्या आधीपासून. आमची ओळखच तिथली. मी बहिणीच्या पोराला फिरायला नेलं होतं, तर ह्यांनी त्याला एकामागून एक फुकट फेऱ्या दिल्या. पोरगं हिरवं-पिवळं व्हायला लागलं तरी ह्यांचा पाळणा थांबेना. मी ओरडले, 'अहो, थांबवा!' तर म्हणाले, 'थांबवला तर तुम्ही जाल.' त्या वेळी गालेरियात रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. खाली बुटांची दुकानं, मध्ये रेकॉर्डवाला, वर पाळण्याचं संगीत, आणि जिन्यावर तळणाचा वास. आता तसं काही राहिलेलं नाही.

दर ऑक्टोबरात बालदिनाच्या आधी घोडे रंगवावे लागत. रंगाचा वास दुकानदारांना चालत नसे, म्हणून हे एकेक घोडा हातगाडीवर घालून मागच्या दरवाजाने घरी आणत. घोडा अंगणात काजूच्या झाडाखाली उभा राहायचा. आळीतली पोरं येऊन त्याच्यावर बसायची. हे म्हणायचे, 'उतरा रे, ओला आहे!' तोवर चड्ड्या नारिंगी झालेल्या असायच्या. मग त्यांच्या आया भांडायला यायच्या त्या माझ्याशी, आणि हे न्हाणीघरात लपायचे. लेखी परवानगी कधी कुणी दिली नाही आणि कुणी मागितलीही नाही. मागचा दरवाजा तेवढा मला ठाऊक होता, म्हणून आज तिथूनच गेले.

आज पकडलेला घोडा तो पासोका. नाव जुसियाराने ठेवलं, लहान असताना. तेव्हा त्याचा रंग पासोका नावाच्या दाण्याच्या वडीसारखा होता, आणि वडीसारखाच कोपऱ्यातून भुगा व्हायचा.

आता शेअरचं सांगते. जुसियाराला हा नाद विद्यापीठात लागला. शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यातून उरतं ते त्यात घालते. पहिल्यांदा विजेच्या कंपनीचे शेअर घेतले, का तर ती कंपनी लाभांश देते. मी म्हटलं, 'बिल आपण भरायचं, आणि वर कंपनीलाही आपणच पोसायचं?' ती म्हणाली, 'आई, आता त्या बिलातला एक दाणा तरी आपल्याकडे परत येतो.' मग इमारतींचा फंड आला. पुष्कळ लोकांनी थोडे थोडे पैसे घालून मोठ्या इमारती घ्यायच्या, आणि दुकानांचं भाडं दर महिन्याला ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे वाटून घ्यायचं, असं तिने मला समजावलं. मला वाटलं, झालं, पोरगी मटक्याला लागली. आमच्या नाक्यावर एक गृहस्थ प्राण्यांवर आकडे घेतात. नाव विचारू नका, मी सांगणार नाही. साहेब हसले, म्हणजे त्यांनाही ते माहीत आहेत. मी जुसियाराला विचारलं, 'तू कुठल्या प्राण्यावर लावलेस?'

ती म्हणाली, 'घोड्यावर.' आणि फोन माझ्यासमोर धरला. त्या फंडाच्या इमारतींची यादी होती, आणि त्यात आमची गालेरिया होती, फोटोसकट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रागवायचं राहूनच गेलं. त्या रात्री तिला एक अंडं जास्त तळून घातलं.

तिची मैत्रीण तालिता माझ्यासमोर तिला झापत होती. 'अगं, प्रेमात पडून कुणी फंड घेतं का? भाडेकरू बघावेत, करार बघावेत, किती दुकानं रिकामी आहेत ते बघावं.' जुसियारा म्हणाली, 'बाकीचे सगळे बघून घेतलेत. हा एक न बघता घेतला.'

महिन्याच्या मध्यावर भाडं जमा झालं की आम्ही दोघी गालेरियात जायचो. त्या पैशांत बसेल तेवढंच तिथे खायचं, हा तिचा नियम. पहिल्या खेपेला त्यात काहीच बसेना. सारण भरलेले पास्टेल तळणाऱ्या दोना निल्झांनी दया येऊन तिखट सॉसची वाटी पुढे केली, ती आम्ही बोटाने चाटली आणि घरी आलो. पुढे अर्धा पास्टेल झाला, मग अख्खा, मग बरोबर उसाचा रस. मी चिडवायचे, 'काय मालकीणबाई, भाडेकरू वेळेवर देतात ना?' तर ती बंद शटरांकडे बघून खरंच तोंड पाडायची. खाऊन झालं की वर जायचो. हे गेल्यावर पाळणा थोडे दिवस कुणीतरी चालवला, मग बंदच पडला. आम्ही कठड्याला टेकून नुसते घोडे बघायचो.

एकदा ती म्हणाली, 'बाबा इथे पगारावर होते आणि मी इथली मालक आहे. त्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते गं?'

मी म्हटलं, 'म्हणाले असते, मालक, माझ्या ओव्हरटाइमचं बघा.' आम्ही इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर पाहिलं. ते दिवस फार चांगले गेले, हे मी इथे सांगून ठेवते. नवरा गेल्यावर पुन्हा त्याच्या जागी जायला मला कारण मिळालं होतं.

काल जमा झालेली रक्कम बघून जुसियाराने फोन बंद करून पुन्हा चालू केला. नेहमीच्या कितीतरी पट. ती नाचायला लागली. मीही हातातला घागरा टाकून टाचण्यांसकट नाचले. नियमाप्रमाणे जेवायचं तिथेच. खारवलेलं मांस, उकडलेला कसावा, वर लोणी, आणि रस दोन दोन ग्लास. दोना निल्झांनी ताटं ठेवली आणि जायच्या ऐवजी आमच्याच बाकावर बसल्या. म्हणाल्या, 'खा बायांनो, पोटभर खा. शुक्रवारी शटर ओढते ते कायमचं.'

मी म्हटलं, 'का हो? प्रकृती?'

'प्रकृती कसली! गालेरिया विकली. पाडून उंच फ्लॅट बांधणार. तुझी लेक मालकीण ना? तिला नाही कळवलं?'

कळवलं होतं. जुसियाराने शोधलं तर फंडाचा कागद केव्हाच येऊन पडला होता, हिने उघडला नव्हता. जमा झालेलं ते भाडं नव्हतंच. गालेरिया विकली, त्याचे पैसे फंडाने सगळ्यांना वाटले होते. तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, 'आई, आपण गालेरिया खाल्ली.'

मी म्हटलं, 'गप, जेव.' आमच्या घरी ताटात टाकत नाहीत, साहेब. काल टाकलं.

तिने तिथूनच फंडाच्या कचेरीला फोन लावला. म्हणाली, 'हे पैसे परत घ्या आणि ती एक इमारत राहू द्या.' पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, 'आपण नवीन गुंतवणूकदार आहात का?' जुसियाराने 'हो' म्हणून फोन ठेवला. मला त्या बाईंचा राग आला. तशा त्या काही वाईट बोलल्या नव्हत्या.

वर गेलो. पाळण्याचं छत उतरवून भिंतीला टेकवलं होतं. एक कामगार लोखंडाचे दांडे मोजत होता. मी विचारलं, 'घोड्यांचं काय करणार?' तो म्हणाला, 'उद्या दुपारी भंगारवाला येतोय. लोखंड घेऊन जाईल. घोडे फायबरचे, त्यांना कोण विचारतो, इथेच फोडून टाकणार.' काही घोडे आडवे पडले होते. पासोका अजून त्याच्या दांड्यावर होता.

आज सकाळी मी ह्यांचे बोल्ट सोडवायचे पाने काढले आणि हातगाडीच्या चाकाला तेल घातलं. जुसियाराने विचारलंही नाही. ती आपली चप्पल घालून उभी.

दरवाजात नवीन पहारेकरी होता. त्याच्याशी झालेलं बोलणं असं.

तो म्हणाला, 'घोडा कुठे चालला?'

मी म्हटलं, 'घरी. रंगवायला.' हे माझ्या तोंडून आपसूक गेलं. ह्यांचं हे ठरलेलं उत्तर होतं.

'कुणाच्या हुकमाने?'

'मालकांच्या.'

'कोण मालक?'

मी जुसियाराकडे बोट केलं. ती लाल झाली. म्हणाली, 'आई, गप्प बस ना. तसं नसतं ते. आणि आता तर मुळीच नाही.'

मी म्हटलं, 'कसं नसतं? दर महिन्याला भाडं खाल्लंस की नाही?'

पहारेकरी म्हणाला, 'ही मालकीण, तर मी राज्यपाल.'

मी म्हटलं, 'मग राज्यपाल साहेब, उंबऱ्यात चाक अडकलंय, जरा हात लावा.' त्याने हात लावला. हेही लिहा. आधी त्याने हात लावला, मग पोलिसांना फोन केला.

इथे आल्यावर अधिकारी बाईंनी माझ्यासमोर फोन केले. बिल्डरची माणसं म्हणाली, आम्ही जागा घेतली आहे, खेळणी नाही, तक्रार द्यायला आमचं कुणी येणार नाही. फंडाची माणसं म्हणाली, घोडे आमच्या हिशेबात कधी नव्हतेच. पाळणा ज्या कंपनीचा होता ती केव्हाच बंद पडली. बाई फोन ठेवून म्हणाल्या, 'मग हा आहे तरी कुणाचा?' आणि जुसियाराला विचारलं, 'तुझा म्हणतेस?'

जुसियारा म्हणाली, 'नाही, बाई. माझा असता तर मी विकला नसता.' आणि रडायला लागली. बाईंनी तिला पाणी दिलं.

बाईंनी सांगितलं की घोडा मालक सापडेपर्यंत कुणाच्या तरी ताब्यात द्यावा लागेल. ठाण्यात ठेवायला जागा नाही, आणि जो तो येऊन त्यावर बसतो आहे. एक हवालदार बसले होते, ते मी पाहिलं. सुपूर्तनाम्याच्या अटी मला वाचून दाखवल्या. घोडा विकायचा नाही, मोडायचा नाही, त्यात कोणताही बदल करायचा नाही, आणि मागाल तेव्हा हजर करायचा. मला सर्व अटी मान्य आहेत.

त्यासाठी लेखनिक साहेबांनी घोड्याचं वर्णन लिहायला घेतलं. उजवी बाजू नारिंगी, रंग चकचकीत, खोगिरावर निळी फुलं. डावी बाजू फिकट, पोपडे निघालेले. त्यांनी विचारलं, ही बाजू कशाने खराब झाली, आज नेताना घासली का.

त्याबाबत सांगते की, ती घासलेली नाही. शेवटच्या ऑक्टोबरात ह्यांनी पासोकाला घरी आणलं होतं. उजवी बाजू झाली, फुलंही झाली. मग ब्रश धुवायला ठेवला आणि म्हणाले, 'क्लेओ, दुसरी बाजू उद्या करतो. आज हात दुखतोय.' ते रंगवत उजव्या हाताने, आणि चोळत होते डावा. उद्या काही आला नाही. अंत्यविधी झाल्यावर गालेरियाची माणसं येऊन घोडा तसाच घेऊन गेली आणि रंगवलेली बाजू बाहेर करून लावला. कठड्यावरून आम्हाला तीच दिसायची. दुसरी आज सकाळी बोल्ट सोडवताना दिसली.

मी बाईंना विचारलं, बदल करायचा नाही यात रंग धरतात का. त्या म्हणाल्या, धरतात. मग बरंच झालं. मलाही तिथे दुसऱ्या कुणाचा ब्रश लागायला नको आहे.

हा जबाब लेखनिक साहेबांनी मला व माझ्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. वर्णनात 'डावी बाजू खराब' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि त्याजागी 'डावी बाजू रंगवायची राहिली आहे' असं लिहून घेतलं. बाकी सगळं मी बोलले तसंच आहे, म्हणून सही करते.

क्लेओनिसे बार्बोझा लिरा