हिरवा की निळा

विनिपेगच्या ड्रायक्लीनरकडे रांगेत उभ्या असलेल्या विल्माच्या पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा दोन गणवेश घेऊन हुज्जत घालत होते. म्हातारीच्या नवऱ्याला उद्या मूठमाती द्यायची होती.

"आई, हिरवा दे. नोकरीभर बाबांनी हिरवाच घातला."

"हिरवा पायदळाचा वाटतो रे. हे हवाई दलातले."

"तेव्हा हवाई दल नव्हतंच. सरकारनं तिन्ही दलं एक करून सगळ्यांना हिरवं चढवलं होतं."

"मग विमानातून बर्फात उड्या टाकून हरवलेली माणसं कोण शोधत होतं? पोस्टमन?"

"बाबाच. पण कागदोपत्री..."

"आणि हा निळा?"

"हवाई दलाला निळा परत दिला, तेव्हा निवृत्तीच्या वर्षी मिळाला. एकदाच घातला."

"म्हणजे हे होते तेव्हा दल नव्हतं, आणि दल आलं तेव्हा हे घरी. मला काही कळत नाही बाबा."

विल्मालाही कळेना.

"बाई, कुठल्याला इस्त्री करू?" काउंटरवरच्यानं विचारलं.

"कुठल्याच नको. लायल, उडी मारायचा तो नारिंगी सूट आण घरून."

"अगं, त्यावर तेलाचे डाग आहेत."

"असू देत. तिकडे हे हरवले, तर शोधणाऱ्याला लांबून दिसायला नकोत का?"